कच्चा लिंबू आणि चार कासवं

मागच्या व्याख्यानात आपण ‘खेळ म्हणजे काय’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. त्यानंतर एका श्रोत्याने लिहिलं, की सर, तुम्ही हुइझिंगा सांगितलात, रॉजे कायवा सांगितलात, पण तुम्ही स्वतः शेवटचं काय खेळलात? प्रश्न थोडा खवचट आहे, पण रास्त आहे. म्हणून आज ग्रंथ जरा बाजूला ठेवू. आम्ही एका यंत्रासमोर उभे राहिलो होतो, त्याची हकीकत सांगतो. ग्रंथ मधूनमधून येतीलच, ती खोड जायची नाही.

२०१७ सालचा नोव्हेंबर. आम्ही मुलीकडे फ्लोरिडात टॅम्पाला गेलो होतो. आमचा भाचा पुण्याहून ओरलँडोला आला होता. पुण्यात आणि नाशकात मॉलमध्ये त्याचे गेम झोन आहेत. ओरलँडोला दर नोव्हेंबरात ‘आयापा’ या संघटनेचं प्रदर्शन भरतं. करमणुकीच्या धंद्यातली जगभरची माणसं तिथे येतात. हे हौशी लोकांसाठी नाही बरं का, फक्त धंदेवाल्यांसाठी. भाच्याने आमचं नाव सोबत म्हणून नोंदवलं, गळ्यात पट्टा आला, आणि तत्त्वज्ञानाचा एक निवृत्त प्राध्यापक आकाशपाळणे विकणाऱ्यांच्या मेळ्यात शिरला.

ते संकुल केवढं मोठं! एका टोकाला रोलर कोस्टरचे डबे, मध्ये हवा भरलेले किल्ले, पॉपकॉर्नची यंत्रं, आणि एका बाजूला आर्केड गेमचा भाग. कानठळ्या बसतील असा आवाज. भाचा एका मोठ्या कॅबिनेटसमोर थांबला. चार जॉयस्टिक, चौघांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. ‘टीनएज म्यूटंट निन्जा टर्टल्स’चा नवा गेम. बनवणारी कंपनी रॉ थ्रिल्स, शिकागोजवळची. ती काढणारे यूजीन जार्विस म्हणजे १९८१च्या ‘डिफेंडर’चे आणि नंतरच्या ‘रोबोट्रॉन’चे कर्ते. हे आम्हाला भाच्याने सांगितलं. आपण कांटचं नाव घेताना आवाज जसा आपोआप खाली येतो ना, तसा त्याचा आला होता.

“मामा, चौघं लागतात. या, उभे राहा.”

आता इथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. १९९५च्या सुमारास आमच्या गावात, कॉलेजच्याच रस्त्यावर एक व्हिडिओ गेम पार्लर निघालं. एक गाळा, दाराला मळका पडदा, आत पाच-सहा यंत्रं. एक रुपयाला एक टोकन. आमचा हा भाचा तेव्हा आमच्याकडे शिकायला होता, सातवीत. एका दुपारी त्याला आम्ही तिथून कानाला धरून घरी आणला. तेवढ्यावर थांबलो नाही. नगरपालिकेला पत्र लिहिलं. मसुदा आमचा, पहिली सही आमची, खाली स्टाफरूममधल्या बावीस सह्या. पत्रात तीन आरोप होते: मुलं एकलकोंडी होतात, मुलं हिंसा शिकतात, मुलं पैसे उडवतात. भाषा चांगली ठसठशीत उतरली होती. चार महिन्यांत पार्लर बंद झालं.

आणि आता तोच भाचा आम्हाला म्हणत होता, या, उभे राहा.

हा खेळ कोणत्या जातीचा, ते आधी बघू. याला ‘बीट-एम-अप’ म्हणतात. आपल्याकडची मुलं सरळ ‘मारामारीचा गेम’ म्हणायची. जपानी लोक याला पट्ट्यावरून सरकणारा खेळ अशा अर्थाचं नाव देतात आणि ते फार नेमकं आहे. रस्ता पट्ट्यासारखा डावीकडून उजवीकडे सरकतो. तुमचं पात्र पुढे-मागे चालतंच, पण रस्त्याच्या रुंदीतही वर-खाली सरकतं. गंमत अशी, की शत्रू अगदी शेजारी दिसला, पण तो रस्त्याच्या दुसऱ्या रेषेवर असला, तर तुमचा ठोसा हवेत जातो. त्याच्या रेषेत यावं लागतं. नवख्या माणसाचा निम्मा वेळ हवेत गुद्दे मारण्यात जातो, तसा आमचा गेला.

टोळी आली की रस्ता थांबतो. सगळे आडवे झाले की पुढे जायचा बाण लुकलुकतो. ठोसा लागतो त्या क्षणी चित्र किंचित गोठतं, डोळ्याला कळणारही नाही इतकं, पण त्यामुळे हाताला वाटतं की काहीतरी जड वस्तूवर आपटलो. चांगल्या गेममध्ये आणखी एक युक्ती असते. आठ जण घेरतात, पण एका वेळी हल्ला करतात दोघं-तिघंच, बाकीचे नुसते घुटमळतात. सिनेमातल्या हाणामारीत गुंड आपापली पाळी येईपर्यंत थांबतात तसंच. आम्ही तरुणपणी याला हसायचो. पण तसं नसतं तर खेळच शक्य नव्हता.

घराण्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९८६ साली जपानच्या टेक्नोस कंपनीने एक गेम काढला, पश्चिमेत तो ‘रेनेगेड’ नावाने गेला. त्याचे कर्ते योशिहिसा किशिमोतो. त्यांच्या स्वतःच्या शाळेतल्या मारामाऱ्या त्यात आल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीचा ‘डबल ड्रॅगन’, दोन भावांनी मिळून खेळायचा. १९८९ साली कॅपकॉमचा ‘फायनल फाइट’, आणि त्याच साली कोनामीचा कासवांचा पहिला आर्केड गेम, तोही चौघांचा. आणि १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. हे नाव तुमच्यापैकी अनेकांना ओळखीचं वाटणार नाही. पण ‘मुस्तफा’ म्हटलं की चाळिशीतले श्रोते लगेच मान वर करतील. त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या पात्राचं नाव मुस्तफा, आणि आपल्याकडच्या पोरांनी आख्ख्या गेमलाच ते नाव देऊन टाकलं. आमच्या गावच्या त्या पडद्यामागे जे यंत्र सर्वांत जास्त चालायचं, ते हेच. हे आम्हाला ओरलँडोत कळलं. पत्र लिहिताना आम्ही पडद्याच्या आत सगळे मिळून दीड मिनिट होतो, आणि तेही कान शोधत.

असो. चार कासवांची नावं लिओनार्डो, मायकेलअँजेलो, डोनाटेलो आणि राफाएल. १९८४च्या एका कॉमिकमधून आलेली ही मंडळी. आम्ही राफाएल निवडला, कारण ‘स्कूल ऑफ अथेन्स’ हे चित्र राफाएलचं. प्लेटो आणि ॲरिस्टॉटल मधोमध चालत येताहेत, ते. भाचा म्हणाला, “मामा, डोनाटेलो घ्या, त्याच्याकडे काठी आहे, लांबून मारता येतं.” आम्ही ऐकलं नाही. राफाएलकडे दोन आखूड त्रिशूळासारखी हत्यारं. विद्वत्तेच्या हट्टापायी शत्रूच्या नाकाशी जाऊन मार खायची सोय आम्ही करून घेतली.

तिसरी जॉयस्टिक धरली मेक्सिकोहून आलेल्या एका बाईंनी. त्यांचाही गेम सेंटरचाच धंदा. चौथी एका तरुण तंत्रज्ञाने. त्या बाईंचं इंग्रजी आणि आमचं स्पॅनिश, दोन्ही सारख्याच योग्यतेचं.

पहिल्या दहा मिनिटांत आमचं कासव किती वेळा मेलं, ते मोजलं नाही. मोजायचं कारणच नव्हतं. प्रदर्शनात सगळी यंत्रं ‘फ्री प्ले’वर ठेवतात, म्हणजे नाणं नको, कार्ड नको. मेलात? स्टार्ट दाबा. पुन्हा मेलात? पुन्हा दाबा. असं करत करत आम्ही एका भल्यामोठ्या बॉसपर्यंत पोचलो, त्याच्यावर गुद्द्यांचा पाऊस पाडला, तो पडला, पडद्यावर रोषणाई झाली. आणि मंडळी, आम्हाला काहीच वाटलं नाही. बसमधून उतरल्यासारखं वाटलं. थांबा आला, उतरलो.

भाचा म्हणाला, “कसा वाटला?” आम्ही म्हटलं, “रंग छान आहेत.” तो हसला. म्हणाला, “मामा, तुम्ही कच्चा लिंबू होतात.”

हा शब्द आम्हाला लागला. तुम्हाला ठाऊक आहेच. लगोरी असो, पकडापकडी असो, गल्लीतल्या खेळात धाकटं भावंड मागे लागतं. त्याला घेतलं नाही तर ते रडतं. मग त्याला कच्चा लिंबू म्हणून घेतात. तो पळतो, ओरडतो, शिवतोही, पण तो आउट होत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. आणि लक्षात ठेवा, कच्च्या लिंबाला हे फार लवकर कळतं. चार-पाच वर्षांचं पोर एक दिवस येऊन सांगतं, मला खराखुरा घ्या, माझ्यावर राज्य आलं तरी चालेल. राज्य घेण्यात सुख काय आहे? काहीच नाही. तरी ते मागतं. आमच्या मते खेळाचं सगळं तत्त्वज्ञान त्या मागणीत आहे.

बर्नार्ड सूट्स नावाचे एक तत्त्वज्ञ झाले. त्यांचं ‘द ग्रासहॉपर’ हे पुस्तक १९७८चं. त्यांचं म्हणणं आमच्या शब्दांत सांगतो. गोल्फचा चेंडू खळग्यात टाकायचा असेल, तर हातात घेऊन चालत जावं आणि टाकावा, सोपं आहे. पण खेळणारा मुद्दाम लांबचा, गैरसोयीचा मार्ग पत्करतो, आणि तो का पत्करतो, तर त्यामुळेच खेळ होतो म्हणून. अडथळा बाहेरून आलेला नसतो, आपण तो मान्य केलेला असतो. हे आम्ही एम.ए.च्या वर्गाला अनेक वर्षं शिकवलं आणि परीक्षेत विचारलं. तरी फ्री प्लेच्या यंत्रासमोर अडथळा काढून टाकलाय हे आमच्या लक्षात आलं नाही, आम्ही आपले स्टार्ट दाबत राहिलो.

दुसरा डाव भाच्याने अट घालून मांडला. प्रत्येकाने तीनदाच स्टार्ट दाबायचं. चौथ्यांदा हात खाली. यंत्रात असा नियम नव्हता, तो चौघांनी तोंडी ठरवला. बाईंना बोटं दाखवून सांगितलं, त्यांनी तत्काळ मान डोलावली. त्यांना तो नवा नव्हता, हे स्पष्ट दिसत होतं.

तेच यंत्र, तेच शत्रू, तोच रस्ता. पण आता आम्हाला इतर तिघं दिसायला लागले. पहिल्या डावात ते नुसते रंग होते. आता कळलं, की बाई मुद्दाम रस्त्याच्या वरच्या रेषेवर राहतात, म्हणजे तिकडून येणारे आमच्यापर्यंत पोचत नाहीत. भाचा पुढे धावत नव्हता, मागे वळून टोळी फोडत होता. आम्हाला कोणीतरी सांभाळत होतं, आणि त्याची किंमत त्यांच्या तीनांतून जात होती.

मग पिझ्झा आला. या गेममध्ये पिझ्झा खाल्ला की शक्ती भरून येते. ‘मुस्तफा’तही खाण्याचे पदार्थ असेच रस्त्यात मिळायचे. पिझ्झा एक, कासवं चार, आणि आमची व बाईंची दोघांचीही शक्ती तळाला गेलेली. यंत्र काही ठरवत नाही, जो आधी पोचेल त्याचा. बाई जवळ होत्या. त्यांनी आपलं कासव बाजूला घेतलं आणि आमच्या दिशेने हनुवटी उडवली. घ्या. आम्ही घेतला. मंडळी, वितरणात्मक न्यायावर आम्ही दोन निबंध लिहिले आहेत, पण कोणी स्वतःच्या तोट्यात आम्हाला वाटा देतं आहे आणि तो घेताना अंग चोरल्यासारखं होतं आहे, हा अनुभव निबंधात आलेला नाही. नंतर भाच्याने सांगितलं, की गावच्या पार्लरमध्येही असाच कायदा होता. ज्याची लाइफ कमी, त्याने खायचं. जो हावरटपणा करेल, त्याच्याशी पुढच्या टोकनला कोणी जोडी करत नसे. दंडविधान पूर्ण होतं, फक्त लिहिलेलं नव्हतं.

आम्ही तिसऱ्यांदा पडलो आणि बाजूला झालो. आणि बाजूला उभं राहून आम्ही काय केलं? “मागे बघ, मागे! अरे वर, वरच्या रेषेत!” असं मराठीत ओरडत होतो. शेजारच्या स्टॉलवरची माणसं वळून बघत होती. त्यांचा बॉस पडला नाही. तिघंही हरले. पण या वेळी कोणी “रंग छान आहेत” म्हणालं नाही.

इथे एका आडवाटेला जाऊ द्या. ब्रह्मसूत्रांत जगाच्या निर्मितीला लीला म्हटलं आहे, आणि त्यावर शंकराचार्य राजाचा दृष्टान्त देतात. ज्याला काही मिळवायचं राहिलं नाही, असा राजा नुसता क्रीडा करतो, हेतू काही नाही. ईश्वराचं तसं. फार सुंदर विचार आहे. पण तो पूर्णकाम असलेल्याचा खेळ आहे. फ्री प्लेवर आपण तो राजा व्हायला जातो आणि कंटाळतो, कारण आपण पूर्णकाम नाही. सातवीतलं पोर खिशात एकच रुपया घेऊन पडद्याआड जातं, तेव्हा त्याचा खेळ लीलेच्या बरोबर उलट टोकाचा असतो. त्याला मोजून तीन लाइफ आहेत, आणि मग घरी जायचं आहे.

आता आमच्या पत्राकडे येऊ. एकलकोंडेपणाचा आरोप साफ चुकीचा होता. याहून जास्त बोलायची गरज नाही.

हिंसेचा आरोप इतक्या सहज सोडता येत नाही. कासवांच्या १९८७च्या कार्टून मालिकेत शत्रूचे सैनिक यंत्रमानव केले होते, म्हणजे मुलांसमोर त्यांना फोडायला हरकत नाही. ही पळवाट आहे, आणि पळवाट काढावी लागली याचा अर्थ प्रश्न होताच. ‘डबल ड्रॅगन’चा शेवट तर याहून कडवट आहे. दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून शेवटपर्यंत येतात, खलनायक पडतो, आणि दोघेही जिवंत असतील तर यंत्र सांगतं, आता एकमेकांशी लढा, जिंकेल त्याला मुलगी. इतका वेळ ज्याच्या भरवशावर आलो, त्यालाच मारायचं. असा शेवट लिहिणाऱ्याला महाभारत वाचायला द्यावं की त्याच्याकडूनच ते लिहून घ्यावं, कळत नाही.

पैशाचा आरोप? तो खरा आहे. ही यंत्रं नाणी गिळण्यासाठीच बांधलेली असतात. किती नाण्यांना एक खेळ, शत्रू किती कठीण, हे मालकाला आतल्या मेनूतून ठरवता येतं. बॉस अशा ठिकाणी ठेवतात, की तुम्ही नेमके जिंकता जिंकता मराल. पण अडचण अशी आहे, की लाइफ मोजलेली असण्याचं कारणही तोच रुपया होता. लोभाने जी मर्यादा घातली, तिनेच त्या पोरांना कच्चा लिंबू होऊ दिलं नाही. हे वाक्य आम्हाला स्वतःला आवडत नाही. पण दुसऱ्या डावानंतर ते नाकारताही येत नाही.

भाच्याने यंत्र घेतलं का, असं काहींनी विचारलं आहे. त्या दिवशी नाही घेतलं. त्याने एक गोष्ट सांगितली, जी या धंद्यात नेहमी सांगतात. १९८० साली शिकागोच्या प्रदर्शनात ‘पॅक-मॅन’ आणि जार्विस यांचा तोच ‘डिफेंडर’ मांडले होते. जाणकार म्हणाले, हे चालायचे नाहीत, चालेल तो ‘रॅली-एक्स’. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ‘रॅली-एक्स’चं नाव आज कोणाला आठवतं? म्हणून शहाणा मालक प्रदर्शनावर भरवसा ठेवत नाही. यंत्र एखाद्या खऱ्या दुकानात ठेवलेलं असेल तिथे जातो, आणि आठवड्याने गल्ला मोजतो. याला ते ‘लोकेशन टेस्ट’ म्हणतात. भाचा दोन दिवस जवळच्या एका आर्केडमध्ये कोपऱ्यात बसून राहिला. लोक एकेकटे येतात की जोडीने, पहिल्यांदा मेल्यावर कार्ड पुन्हा लावतात की निघून जातात, शेजारी अनोळखी माणूस उभा राहिला तर हसतात की सरकतात, हे वहीत टिपत होता. त्याची खरी काळजी वेगळी होती. आजकाल मुलांना यंत्रातून तिकिटं निघायला हवी असतात, त्यावर बक्षीस मिळतं. मारामारीच्या खेळात असं काही हाताला लागत नाही. जे मिळतं ते शेजाऱ्याकडून.

आम्ही विचारलं, “आम्ही पत्र लिहिलं तेव्हा तू असाच कोपऱ्यात बसला असतास, तर काय लिहिलं असतंस?” तो म्हणाला, “मामा, मी कोपऱ्यात नव्हतो. मी मुस्तफा होतो.”

एक शेवटचा प्रश्न समोर आला आहे. त्या पार्लरवाल्याचं पुढे काय झालं? यंत्रं त्याने भंगारात विकली आणि त्याच गाळ्यात झेरॉक्सचं दुकान काढलं. निवृत्त होईपर्यंत आमच्या नोट्स, विद्यार्थ्यांचे प्रबंध, सगळं तिथेच झेरॉक्स होत असे. पत्रावर पहिली सही कोणाची होती, हे त्याला माहीत होतं का, ते आम्ही कधी विचारलं नाही. भारतात परतल्यावर विचारायचं ठरवलं होतं. गेलो, तर गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो मुलाकडे कुठेतरी राहायला गेला होता. काउंटरवरच्या पोराला पत्ता ठाऊक नव्हता.

वेळ झाली. पुढच्या वेळी शंकरभाष्यातलं ते राजाच्या दृष्टान्ताचं स्थळ नीट वाचू. ज्यांच्याकडे पुस्तक असेल, त्यांनी दुसऱ्या अध्यायाचा पहिला पाद काढून ठेवा.